पोट्टं थिल्लर आहे की नुसतं खेळकर?

ह्या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सअॅपवरचे प्रश्न मिळून जे काही आलं त्यातलं बरंचसं एकाच गोष्टीभोवती फिरतंय, थट्टा, मस्करी, मजाक, उनाडपणा, सीरियस नसणं. आपल्या नागपूरचा तान्हा पोळा (पोरांचा लाकडी बैलांचा सण) आणि मारबत (पुतळ्यांची मिरवणूक) नुकतेच झाले म्हणून असेल, किंवा शाळांमधून पहिल्या चाचणीचे मार्क घरी आले म्हणूनही असेल. म्हणून ह्यावेळी हेच घेते, बाकीच्यांनी थोडं थांबा.

प्रश्न (मानेवाडा रोडवरच्या एका आईचा): ताई, माझा मुलगा नववीत आहे. पालकसभेत त्याच्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की मुलगा हुशार आहे पण थिल्लर आहे. घरी आल्यापासून तो शब्द माझ्या डोक्यातून जाऊन नाही राहिला. त्याचे बाबा म्हणतात तो बेफिकीर आहे, सासूबाई म्हणतात अगं खेळकर आहे, लेकरूच आहे. तो दिवसभर हसतो, हसवतो, नकला करतो, अभ्यासही करतो पण गाणी म्हणत म्हणत करतो. मार्क ठीक आहेत. ह्याला नेमका शब्द कोणता लावायचा?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. एका शब्दापायी आईची आख्खी रात्र जाते हे मला माहीत आहे, मी स्वतः वर्गावर मराठी शिकवलंय आणि घाईघाईत पोरांना असे शब्द मीही लावलेत, त्यातले काही आज परत घ्यावेसे वाटतात. तर आधी थिल्लर हा शब्दच बघू या.

जुन्या मराठीत थिल्लर हे विशेषण नव्हतंच मुळी, ते नाम होतं, थिल्लर म्हणजे डबकं. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला साचतं आणि दिवाळीपर्यंत आटून जातं ना, ते. संतांच्या ओव्यांमध्ये हा शब्द ह्याच अर्थाने येतो, एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे थिल्लर. आता ह्याच्या समोर गंभीर ठेवा. संस्कृतात गंभीर म्हणजे खोल, आधी पाणी गंभीर, मग आवाज गंभीर, आणि मग माणूस गंभीर. आणि मधला उथळ तर अजूनही आपण पाण्यालाही लावतो आणि माणसालाही. म्हणजे सीरियस आहे की नाही हे ठरवताना मराठी माणूस मुळात पाण्याची खोली मोजतो, अंबाझरी तलावाच्या काठावर उभं राहून किती खोल असेल बरं असा अंदाज बांधावा तसा.

आणि इथेच गडबड होते. आपल्याकडे म्हण आहे, उथळ पाण्याला खळखळाट फार. ही म्हण इतकी तोंडात बसलीय की आपण ती उलटी करून वापरतो, खळखळाट ऐकू आला म्हणजे पाणी उथळच असणार असं धरून चालतो. पण म्हण तसं कुठे म्हणते? पहाडातून येणारी नदी खळखळते, आणि तिच्यात उतरलं तर पाय टेकत नाही अशाही जागा असतात. अशा वाहत्या, उड्या मारणाऱ्या पाण्यासाठी मराठीत वेगळा शब्द आहे, अवखळ. अवखळ झरा म्हणतो आपण आणि अवखळ पोरगंही म्हणतो, आणि ह्या शब्दात शिवी नाही, कौतुकच आहे थोडं. थिल्लरही पाणीच आणि अवखळही पाणीच, फरक एवढाच की एक साचलेलं आणि एक वाहतं. बाईंनी तुमच्या मुलाचा आवाज ऐकला, खोली मोजायला वेळ मिळाला नसेल, साठ साठ पोरांच्या वर्गात मिळतही नाही.

आता त्याच्या बाबांचा शब्द, बेफिकीर. ह्याची गंमत अशी आहे की मराठीत चार शब्द आहेत जे शब्दशः जवळजवळ सारखेच, पण चौघांचा निकाल वेगवेगळा. निश्चिंत म्हणजे चिंता नसलेला. बेफिकीर म्हणजे फिकीर नसलेला. निष्काळजी म्हणजे काळजी नसलेला. बिनधास्त म्हणजे धास्ती नसलेला. चौघांच्याही मनात भीती नाही, घोर नाही, मग निश्चिंत माणूस चांगला आणि निष्काळजी वाईट असं का? मला वाटतं आपण बोलताना फक्त त्या माणसाच्या मनाकडे नाही बघत, त्याच्या मागे काय सांडलं तेही बघतो. निश्चिंत झोपला म्हणतो तेव्हा सगळी कामं आटोपलेली असतात. निष्काळजी म्हणतो तेव्हा काहीतरी फुटलेलं, विसरलेलं, जळलेलं असतं, पेपरात अपघाताच्या बातमीत म्हणूनच हा शब्द येतो. बेफिकीर ह्या दोघांच्या मधे, अजून काही सांडलं नाही पण सांडेल अशी आपल्याला धास्ती, म्हणजे फिकीर त्याला नसते, ती बोलणाऱ्याला असते! हिंदीत बघा, बेफिक्र रहो म्हणतात ते धीर देण्यासाठी, तोच शब्द मराठीत आला आणि तक्रार झाला. बिनधास्त मात्र सगळ्यात नशीबवान, मुंबईच्या बोलीतून बिंदास होऊन हिंदीत गेला आणि देशभर कौतुकाचा शब्द झाला.

त्यामुळे ताई, एकच शब्द शोधू नका, बाईंना जाऊन भेटा आणि भांडण न करता एवढंच विचारा की तो नेमकं काय करतो. गृहपाठ विसरतो म्हणाल्या तर तो निष्काळजी आहे आणि त्यावर उपाय करता येतो. शिकवताना मधे बोलतो म्हणाल्या तर आगाऊ. नको तिथे नको ते विनोद करतो तर पाचकळपणा, तो वयाचा भाग आहे, नववीतल्या पोट्ट्यांमध्ये असतोच. पण एखाद्या अडखळत बोलणाऱ्या किंवा जाड्या पोराची नक्कल करून वर्गाला हसवतो असं म्हणाल्या, तर तो टवाळपणा, आणि तो मात्र घरी बसवून लगेच थांबवा, तिथे सासूबाईंचा खेळकर चालणार नाही. आणि ह्यातलं काहीच नसेल, नुसता आनंदी असेल, तर सासूबाईंचा शब्द बरोबर आहे.

अजून एक. हलका ह्या एकाच शब्दातून आपण हलकंफुलकंही केलं आणि हलकटही केलं. वजन दोन्हीत कमीच. शेवटी लावणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर जातं.

प्रश्न (पुण्यात नोकरी करणाऱ्या एका नागपूरच्या मुलाचा): ताई नमस्कार. ऑफिसमध्ये मी सहज बोललो, अरे मजाक करून राहिलो होतो यार, तर सगळे हसले. एकजण म्हणाला मजाक मराठी नाही, मस्करी म्हण, शुद्ध मराठी शीक. मला खूप लागलं. मजाक खरंच चूक आहे का?

बाळा, आधी हे सांगते की करून राहिलो होतो हे तुझ्या गावाचं मराठी आहे आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, करत होतो आणि करून राहिलो होतो ह्यात मला तर तुझं जास्त जिवंत वाटतं.

आता मस्करीचं. तुझ्या मित्राने जो शब्द शुद्ध मराठी म्हणून दिला तो मस्करी मूळचा अरबी आहे. अरबीत मस्खरा म्हणजे विदूषक, हसण्याचा विषय झालेला माणूस, फारसीतून तो आपल्याकडे आला, हिंदीत मसखरा झाला आणि मराठीत मस्करी. (संस्कृतात मस्करिन् असा एक शब्द आहे, त्याचा अर्थ मात्र हातात वेळूचा दंड घेऊन फिरणारा संन्यासी, त्याचा थट्टेशी संबंध नाही, दोन्ही सारखे दिसतात म्हणून काही लोक जोडतात.) म्हणजे मजाकही बाहेरून आला आणि मस्करीही बाहेरूनच आली, फक्त मस्करी आधी येऊन घरात रुळली. मग एकाला पाहुणा म्हणायचं आणि दुसऱ्याला घरचा, हे कशावरून?

आणि मजाकचं मूळ तर मला इतकं आवडतं की सांगितल्याशिवाय राहवत नाही. अरबीत मज़ाक म्हणजे चव. हो, जिभेवरची चव. आणि आपण सगळे, पुण्याचे नि नागपूरचे, दिवसातून दहादा म्हणतो तो मजा हा शब्द फारसी, त्याचाही मूळ अर्थ चवच. दोन वेगळ्या भाषांतले दोन वेगळे शब्द, दोघंही चवीपासून निघाले आणि हसण्याला येऊन मिळाले. आता मराठीत विनोदाला आपण काय काय म्हणतो बघ. खुसखुशीत लेख, खमंग किस्सा, चुरचुरीत टोला, तिखट शेरा, आणि जमला नाही तर पाणचट जोक, म्हणजे रस्सा पातळ झाला, चव लागेना. तर्री पोह्यावर तर्री घालायची विसरली तर जसे लागतील तसा. म्हणजे मजाक मराठीत येण्याच्या आधीपासून आपली जीभ हा संबंध ओळखून होती, किंवा त्या शब्दांच्या संगतीने शिकली असेल, कसंही असो, शब्द आपल्यात विरघळून गेलाय.

नागपुरात हिंदी शब्द जास्त का ह्याचंही कारण आहे, कोणाच्या आळसामुळे ते झालेलं नाही. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशची राजधानीही नागपूरच होती, १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. जबलपूर, रायपूरची माणसं कचेरीत, कोर्टात, इतवारीच्या बाजारात रोज भेटत होती, त्यांच्याशी हसायचं तर त्यांचा शब्द घ्यावाच लागतो ना. भांडण आपल्या भाषेत करता येतं पण थट्टा दोघांना कळेल अशाच शब्दात करावी लागते, नाहीतर ती होतच नाही.

तू मजाक म्हण. आणि मस्करीही म्हण, तोही चांगला शब्द आहे, दोन असले तर बिघडलं काय.

प्रश्न (लग्न होऊन जबलपूरहून नागपूरला आलेल्या एका सुनेचा): ताई, मी मराठी शिकून राहिले आहे, चूक झाली तर माफ करा. सासरे जेवत होते, मी त्यांना आग्रह करत होते आणि ते हसून म्हणाले, पोरी माझी चेष्टा करू नको. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मला वाटलं ते म्हणतात माझ्यासाठी कष्ट करू नको, आणि मी म्हटलं, नहीं बाबूजी, चेष्टा तो करनी ही पड़ेगी. सगळं घर हसलं. चेष्टाचा अर्थ मराठीत असा का झाला? असे अजून शब्द असतील तर सांगा म्हणजे पुढच्या वेळी माहीत राहील.

बेटा, इतकं सुंदर पत्र बऱ्याच दिवसांनी आलं. आणि अर्थ तुझाही बरोबर होता.

संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, हातपाय हलवणं, धडपड. शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलेलं ते सुभाषित, काकचेष्टा बकोध्यानं, त्यात विद्यार्थ्याची पहिली खूण कावळ्यासारखी धडपड अशी आहे. हिंदीने तो धडपडीचा अर्थ धरून ठेवला. मराठीने हालचालीचा धरला, माकडचेष्टा म्हणतो आपण, म्हणजे माकडासारखे हातवारे, तोंडं वेडावणं. आता कोणीतरी दुसऱ्याच्या समोर असे हातवारे करतो ते कशासाठी, त्याची नक्कल करायला, त्याला चिडवायला. तिथून चेष्टा म्हणजे थट्टा झाली असं मला वाटतं. जुना अर्थ मराठीतून गेलेला नाही बरं का, एका शब्दात लपून बसलाय, निश्चेष्ट. निश्चेष्ट पडला म्हणजे हालचाल न करता पडला, थट्टा न करता पडला असं नाही. हे तुझ्या सासऱ्यांना नक्की सांग, त्यांना आवडेल.

असे अजून शब्द म्हणशील तर दोन तर सांभाळूनच वापर. एक हौस. अरबीतला हवस म्हणजे एखाद्या गोष्टीचं वेड, ओढ. हिंदीत हवस हा शब्द चारचौघात उच्चारायची सोय नाही, लोभ आणि वासना ह्याच अर्थाने येतो. आणि तोच शब्द मराठीत हौस होऊन इतका निरागस झाला की सासूबाई म्हणतील, सुनेची हौस केली, म्हणजे तुला आवडीची साडी घेतली. हौशी कलाकार म्हणजे पैशासाठी नाही तर आवडीने काम करणारे. जत्रेला कोण कोण जातं तर हौशे, नवशे आणि गवशे, म्हणजे मजेला आलेले, नवस फेडायला आलेले आणि काही हाताला लागतं का बघायला आलेले. तेव्हा सासूबाई म्हणाल्या की फार हौशी आहे हो आमची सून, तर दचकू नकोस.

दुसरा चैन. हिंदीत चैन म्हणजे स्वस्थता, चैन की नींद. मराठीत चैन पडेना म्हणताना तो अर्थ आहे, पण नुसतं चैन करतो म्हटलं की पैसे उधळतो, ऐश करतो. तू फोनवर माहेरी सांगशील की यहाँ बड़े चैन से हूँ आणि बाजूला बसलेल्या आत्याबाई त्याचा वेगळाच अर्थ घेतील.

आणि तमाशा, तो दोन्हीकडे जवळजवळ सारखाच, पण मराठीत तो आधी एक कला आहे आणि मग तक्रार. तमाशा करू नको म्हणतात तेव्हा तक्रार. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मिळून चालणं, फेरफटका मारणं असा होता, फारसीत तो बघण्यासारखी गोष्ट ह्या अर्थाला आला. आपल्या पूर्व विदर्भाची स्वतःची खडी गंमत आहे, खडी म्हणजे उभ्याने केलेली, शाहीर, ढोलकी, नाच्या. कलेच्या नावातच गंमत आहे आणि तरीही त्या गमतीत पोथीपुराण, गावातली भांडणं, सावकार, सगळं येतं. गंमत म्हणजे वरवरचं असं आमच्या गावखेड्यातल्या लोकांना तरी कधी वाटलं नाही. संधी मिळाली तर सासऱ्यांसोबत भंडाऱ्याकडे जाऊन बघ.

प्रश्न (बीए दुसऱ्या वर्षातली विद्यार्थिनी, सक्करदरा): वक्तृत्व स्पर्धेसाठी मी विनोदी भाषण लिहिलं होतं. कॉलेजमधल्या सरांनी ते नाकारलं आणि म्हणाले समर्थांनी सांगितलंय, टवाळा आवडे विनोद. वर हेही म्हणाले की मुलीच्या तोंडी असं उठवळ बरं दिसत नाही. ताई, विनोद खरंच कमी दर्जाचा का?

दोन गोष्टी आहेत, दोन्हीचा राग आला मला.

पहिली, टवाळा आवडे विनोद हे दासबोधातलं आहे हे खरं. पण वाक्य नीट वाच. टवाळाला विनोद आवडतो, एवढंच त्यात आहे. ज्याला विनोद आवडतो तो टवाळ असतो, असं त्यात कुठेही नाही. कावळ्याला भात आवडतो म्हणून भात खाणारा प्रत्येकजण कावळा होत नाही ना. तीन शब्द ओवीतून तोडून आपण त्याची म्हण केली आणि मग ती म्हण लोकांच्या तोंडावर मारायला लागलो. आणि विनोद ह्या शब्दात कमीपणा असता तर तो शब्द असा नसता, वि आणि नुद् मिळून झालाय, नुद् म्हणजे ढकलणं, दूर लोटणं. मनावर साचलेलं जे काही आहे ते दूर लोटतो तो विनोद. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याला आठ रसांमध्ये जागा दिली, हसण्याचे सहा प्रकार केले, स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित, ओठांच्या कोपऱ्यातल्या हसण्यापासून डोळ्यातून पाणी येईपर्यंतच्या हसण्यापर्यंत. ज्या विषयाचा इतका बारीक अभ्यास झाला तो विषय कमी दर्जाचा कसा?

दुसरी गोष्ट उठवळची, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. मराठीतले हे शब्द तू एका कागदावर लिही, एका बाजूला मुलांना लावतात ते आणि दुसऱ्या बाजूला मुलींना. मुलाला म्हणतात हूड, उनाड, टारगट, उडाणटप्पू, खुशालचेंडू. (खुशालचेंडू काय गोड शब्द आहे, खुशाल फारसीतून आलेला आणि चेंडू कानडीतल्या चेंडुचा भाऊ, दोघांचं लग्न मराठीत लागलं, टप्पे घेत चाललाय पोरगा.) हे सगळे शब्द अंगावरून झटकून टाकता येतात, पाच वर्षांनी नोकरी लागली की लोक हसत सांगतात, लहानपणी फार उनाड होता हो. आता मुलींची बाजू बघ. अल्लड आणि अवखळ इथपर्यंत ठीक, पण त्याच्या पुढे गेलं की लगेच उठवळ, चवचाल, थिल्लर, हे शब्द वागण्यावर थांबत नाहीत, सरळ चारित्र्यावर जातात, आणि त्यांच्यात हसत सांगण्यासारखं काही उरत नाही. मुलगा हसला तर हसला, मुलगी हसली तर खिदळली. तेच हसणं, तेवढंच मोठं.

सरांना मी ओळखत नाही, त्यांच्या मनात वाईट नसेलही, पण तो शब्द त्यांनी वापरायला नको होता. तुझं भाषण मी वाचलं, चांगलं आहे, मधला पानठेल्याचा प्रसंग थोडा लांबलाय तो कमी कर, आणि दुसरीकडे स्पर्धा असेल तिथे हेच घेऊन जा.

प्रश्न (इतवारीतले एक काका): दरवर्षी मारबत निघते, बडगे निघतात, पुढाऱ्यांपासून महागाईपर्यंत सगळ्यांवर पाट्या असतात. माझा भाचा बाहेरगावचा आहे, तो म्हणाला मामा ही तर नुसती टिंगलटवाळी आहे. मी म्हटलं नाही. पण काय आहे ते मला शब्दात सांगता आलं नाही.

काका, तुम्ही नाही म्हणालात ते बरोबरच, आता कारण सांगायचा प्रयत्न करते.

मराठीचं व्याकरण इथे आपल्याला मदत करतं. मी त्याच्याशी थट्टा केली असं म्हणता येतं आणि मी त्याची थट्टा केली असंही म्हणता येतं. मस्करीचंही तसंच, त्याच्याशी मस्करी, त्याची मस्करी. पण मी त्याच्याशी खिल्ली उडवली? त्याच्याशी टर उडवली? कानाला लगेच टोचतं, कोणी बोलत नाही असं. खिल्ली नेहमी कोणाचीतरी, टर कोणाचीतरी, टवाळीही कोणाचीतरी. जिथे शी लागतो तिथे समोरचा माणूस खेळात आहे, दीर वहिनीशी थट्टा करतो, व्याह्यांशी लग्नात थट्टा चालते, तोही उलट टोला देणार हे गृहीत. जिथे फक्त ची लागतो तिथे समोरचा खेळाच्या बाहेर आहे, तो नुसता उडवला जातोय. म्हणूनच मस्करीची कुस्करी होते ती बहुतेक वेळा शी चा ची कधी झाला हे कळलं नाही म्हणून होते.

आता बडग्याकडे बघा. त्याला ह्यातलं कोणतंच क्रियापद लागत नाही, बडग्या काढतात. वर्षभर ज्या गोष्टीने लोकांना छळलं तिचा पुतळा करून, गळ्यात पाटी अडकवून, वाजतगाजत मिरवून शेवटी जाळतात. आणि सोबत आरोळी काय असते, इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत. टवाळी करणाऱ्याला समोरच्याची इडा पिडा जावी असं कधी वाटतं का? टवाळ माणूस कोणाच्या तरी कमीपणावर हसतो, आणि तो कमीपणा तसाच राहावा असंच त्याला वाटतं, नाहीतर उद्या हसणार कशावर. बडग्या काढणाऱ्याला ती गोष्ट गावातून निघून जायला हवी असते. आणि पुतळा कधी गल्लीतल्या गरिबाचा नसतो, ज्याच्या हातात सत्ता आहे त्याचा असतो किंवा रोगाचा, महागाईचा, भ्रष्टाचाराचा असतो. ह्याला उपहास म्हणा हवं तर, पण मला वाटतं हे गाऱ्हाणं आहे, एकोणिसाव्या शतकापासून नागपूर शहर दरवर्षी ते मोठ्याने हसून मांडतं. सकाळी पोरं लाकडी बैल घेऊन तान्ह्या पोळ्याला जाणार आणि त्याच दिवशी मोठी माणसं बडग्यामागे नाचणार, एकाच दिवसात खेळणंही आणि गाऱ्हाणंही. भाच्याला पुढच्या वर्षी गर्दीत घेऊन जा, बाल्कनीतून बघू देऊ नका.

दोन छोटे प्रश्न राहिले, थोडक्यात घेते.

महालमधले एक आजोबा विचारतात की नातवाला मी लाडाने व्रात्य म्हणतो, पण एका पुस्तकात व्रात्य म्हणजे संस्कारातून बाहेर पडलेला असं वाचलं, तर म्हणू की नको. आजोबा, वाचलं ते खरं आहे, मुंज वेळेत न झालेल्याला स्मृतींमध्ये व्रात्य म्हटलंय. पण त्याच्याही आधी अथर्ववेदाचं आख्खं पंधरावं कांड व्रात्याच्या स्तुतीचं आहे, तिथे तो फिरस्ता आहे आणि त्याला मान आहे. स्तुतीपासून निंदेपर्यंत गेलेला हा शब्द मराठीने उचलून खोडकर पोराच्या अंगावर घातला, खुशाल म्हणा, त्याला काय ऐकू येतं ते तुमच्या आवाजावरून ठरतं.

आणि त्रिमूर्तीनगरहून एकींनी विचारलंय की नर्मविनोदी म्हणजे नरम, मऊ विनोद ना? बऱ्याच जणांना असंच वाटतं, पेपरातसुद्धा कधी नर्म ऐवजी नरम छापून येतं. पण नाही, नर्म हा स्वतंत्र संस्कृत शब्द आहे, नर्म म्हणजेच थट्टा, क्रीडा, गंमत. राजाच्या जवळ बसून त्याला हसवणारा जो सोबती असायचा त्याला नर्मसचिव म्हणत. त्यामुळे नर्मविनोद म्हणजे खरं तर थट्टाविनोद, मऊपणा त्यात आपण आवाजाच्या सारखेपणामुळे घातला, आणि आता तो अर्थ इतका रुजलाय की काढून टाका असं मी म्हणणार नाही. वरच्या आमच्या जबलपूरच्या सूनबाईंनी हे वाचलं तर त्यांच्यासाठी एक सांगते, त्यांच्या गावावरून जी नदी वाहते ना, तिच्या नावात हाच नर्म आहे, नर्म देणारी ती नर्मदा.